राणीबरोबर आलेली पावले

रावपुऱ्यातल्या टॉवरकडे पाहून घड्याळ लावण्याची सवय आता कुणाला राहिलेली नाही. रिक्षावाल्याला आपण 'टॉवर' एवढेच सांगतो आणि तो आणून सोडतो. पण त्या टॉवरचे पूर्ण नाव 'चिमणाबाई टॉवर' आहे, तो 1896 साली बांधला गेला आणि तो ज्या चिमणाबाईंच्या स्मरणार्थ उभा आहे, त्या आपल्याला माहीत असलेल्या चिमणाबाई नव्हेत, हे आपल्या मंडळातल्या किती जणांना ठाऊक आहे? मी चार-पाच जणांना विचारून पाहिले. सगळ्यांनी अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, त्या देवासच्या घाटग्यांच्या कन्येचे नाव घेतले. त्या दुसऱ्या चिमणाबाई. टॉवर पहिल्या चिमणाबाईंचा आहे. त्यांचे माहेरचे नाव लक्ष्मीबाई, माहेर तंजावर, घराणे मोहित्यांचे. 1864 चा जन्म. 6 जानेवारी 1880 रोजी सयाजीराव महाराजांशी त्यांचा विवाह झाला आणि 1885 च्या मे महिन्यात, वयाची एकविशी गाठते न गाठते तोच, त्या गेल्या. बडोद्यात त्या जेमतेम पाच वर्षे राहिल्या.

त्यांच्याबरोबर जे आले ते मात्र टिकले. तंजावरहून या लग्नात आंदण म्हणून दागदागिने आले तसा नाचणाऱ्या मुलींचा आणि त्यांच्या वादक-गुरूंचा एक ताफाही आला. 'आंदण' हा शब्द मी मुद्दाम लिहिला. तेव्हाच्या रिवाजात त्यात कुणाला काही वावगे वाटले नसेल. आज लिहिताना पेन थोडे अडखळते.

यंदाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी ऐतिहासिक लिहा, असे संपादकांनी सांगितले तेव्हा माझ्या डोक्यात हा विषय नव्हता. नातवाने एका संध्याकाळी एक ध्वनिचित्रफीत दाखवली, तिथून सगळे सुरू झाले. लंडनचा नर्तक अक्रम खान. 1974 चा जन्म, आईवडील बांगलादेशातून विलायतेत गेलेले. लहानपणी प्रताप पवार यांच्याकडे कथक शिकला, पोरवयात पीटर ब्रुकच्या 'महाभारता'त काम केले, पुढे पाश्चात्त्य आधुनिक नृत्याचे शिक्षण घेतले. 2011 साली त्याने 'देश' नावाचा एकट्याचा प्रयोग केला. पहिला खेळ लेस्टरला झाला. त्यासाठी तो आपल्या सहकाऱ्यांना घेऊन बांगलादेशात फिरून आला होता. प्रयोगात एका जागी तो मान खाली घालतो आणि आपल्याला त्याच्या तुळतुळीत डोक्यावर रंगवलेला दुसरा चेहरा दिसतो. तो त्याच्या बापाचा. बाप स्वयंपाकी. डोके हलते तसा बाप बोलतो, कुरकुरतो, गावाकडचे सांगतो. मग पडद्यावर रेषांनी काढलेले सुंदरबनचे जंगल उभे राहते, मधाच्या शोधात निघालेला मुलगा येतो. 1987 मध्ये ढाक्यात छातीपाठीवर लोकशाहीच्या घोषणा रंगवून मोर्च्यात गेलेला आणि गोळीने मेलेला नूर हुसेन येतो. तास-सव्वा तास एकच माणूस आपल्या बापाचा देश स्वतःच्या अंगात शोधत राहतो. भाषा समजो न समजो, पाहताना घशाशी काहीतरी येते.

नातू म्हणाला, "आजोबा, आपल्याकडे असे कुणी केले आहे का? मराठी माणसाने?"

मी पटकन 'नाही' म्हणणार होतो. मग टॉवर आठवला.

तंजावरची हकीकत आपण शाळेत दोन ओळींत शिकतो. शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी 1675-76 च्या सुमारास तंजावर घेतले आणि 1855 साली वारस नाही म्हणून इंग्रजांनी ते राज्य खालसा केले. मधल्या पावणेदोनशेहून अधिक वर्षांत कावेरीच्या काठी मराठी ही दरबारची एक भाषा होती. बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांची वंशकथा मराठीत कोरलेली आहे, ती 1803 ची. व्यंकोजींचे चिरंजीव शहाजी, म्हणजे 1684 ते 1712 या काळातले राजे, स्वतः नाटककार होते. त्यांचे 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे मराठी नाटक सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 1843 साली केलेल्या 'सीतास्वयंवरा'च्या कितीतरी आधीचे. मराठी रंगभूमीचा जन्म कुठे झाला यावर आपल्याकडे अधूनमधून वाद रंगतात, तेव्हा सांगली, मुंबई, पुणे अशी नावे येतात. तंजावरचे नाव शेवटी कुणीतरी घेतो आणि मग चहा येतो. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना या गोष्टीची सवय आहे.

पण खरा माणूस सरफोजी दुसरे. 1798 ते 1832 ही त्यांची कारकीर्द. राज्य असे उरले नव्हते. 1799 च्या तहाने कारभार इंग्रजांकडे गेला आणि राजांकडे किल्ला, मान आणि तनखा राहिला. दुसरा कुणी असता तर शिकारीत आयुष्य घालवले असते. सरफोजींनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले, वैद्यकावर, डोळ्यांच्या आजारांवर लक्ष घातले आणि नाचासाठी लिहिले. त्यांच्या 'देवेंद्र कुरवंजी' या मराठी रचनेत भविष्य सांगणारी कुरवंजी इंद्राणीला पृथ्वीचा भूगोल सांगते, खंडे आणि देश यांची नावे घेत. भूगोल नाचून शिकवायचा ही कल्पना मला आजही अफलातून वाटते. आमच्या भूगोलाच्या मास्तरांकडे फक्त पट्टी होती.

सरफोजींच्या नावावर असलेली नृत्यासाठीची मराठी निरूपणे हा या सगळ्याचा गाभा. सरस्वती महालाने 1958 साली ती छापली, त्या पुस्तकाचे नाव 'कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस'. 'कोर्वै' म्हणजे तमिळमध्ये गुंफण, ओवणे. 'जिन्नस' आपल्या वाण्याच्या यादीतला. एका निरूपणात एक कथा, आणि तिचे अठरा जिन्नस: जयजय, शरणू, अलारू, सोल्लू, शब्द, वर्ण, पद, स्वरजती, अभिनयपद, तिल्लाना, जक्किणी, गीत, प्रबंध, त्रिपुट वगैरे, शेवटी मंगल. त्यातही अठराच्या अठरा एकाच रागात, एकाच तालात. आज भरतनाट्यमचा कार्यक्रम पाहिलेल्या कुणालाही यातली निम्मी नावे ओळखीची वाटतील, आणि ते साहजिक आहे. ज्या चार भावांनी, म्हणजे चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू यांनी, आज प्रचलित असलेला अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंतचा क्रम बांधला असे मानले जाते, ते याच दरबारात वावरले. पुढे थोरला म्हैसूरला गेला आणि धाकटा वडिवेलू त्रावणकोरला स्वाती तिरुनाळांकडे. नाचाला तेव्हा भरतनाट्यम म्हणत नसत, 'सदिर' म्हणत. आणि या शब्दाचा संबंध आपल्या 'सदरे'शी, म्हणजे राजाच्या बैठकीशी जोडणारे अभ्यासक आहेत.

1855 ला राज्य गेले आणि या कलावंतांची चूल विझू लागली. त्यानंतर पंचवीस वर्षांनी मोहित्यांची मुलगी गायकवाडांच्या घरी आली आणि तिच्याबरोबर चूल इकडे आली. 

बडोद्याच्या ताफ्यात नट्टुवनार म्हणून, म्हणजे हातात टाळ घेऊन बोल म्हणणारे आणि नाच बसवणारे गुरू म्हणून, जे आले त्यांत कण्णुस्वामी आणि वडिवेलू ही नावे आहेत. हे वडिवेलू वेगळे, पण कण्णुस्वामी त्या चार भावांच्याच कुळातले. नर्तकींपैकी गौरा आणि कांतिमती ही दोन नावे टिकली. बाकी सगळा कारभार सयाजीरावांच्या शिस्तीत: गायक, वादक, नर्तकी हे सारे 'कलावंत कारखान्या'खाली, पगार, हजेरी, रजा नियमाने. हत्तींचा जसा पीलखाना तसा कलावंतांचा कारखाना. ज्या संस्थानात मौलाबक्षांनी 1886 मध्ये संगीतशाळा काढली आणि पुढे फैयाजखाँसाहेब नोकरीला राहिले, तिथेच लक्ष्मीविलासच्या दरबार हॉलमध्ये तंजावरच्या मुलींचे पाय वाजत. तंजावरचे पद तर त्या नाचतच, पण इकडच्या बैठकीला रुचतील असे नवे नाचही आले: राधाकृष्णाचा, विंचवाचा, पतंगाचा.

पतंगाचा नाच मी पाहिलेला नाही, पण मला तो माहीत आहे. आमचे आजोबा, ज्यांना सगळे घर नाना म्हणायचे, संस्थानच्या नोकरीत होते. हॉलच्या मागच्या बाजूला उभे राहून त्यांनी तो पाहिला होता. जेवण झाले, हात धुतले की कधीमधी लहर आली तर नाना तो आम्हाला हातांनी करून दाखवत. डाव्या हातात फिरकी, उजव्या हाताने ढील, मग नजर वर, वर, आणि एकदम मान झटकली की पतंग कापला. "तेव्हा ती अशी बघायची," असे म्हणून नाना छताकडे असे पाहत की आम्ही पोरेही वर पाहायचो. उत्तरायणाच्या शहरात पतंगाचा नाच का आवडला असेल, हे वेगळे सांगायला नको.

1957 साली माझी थोरली बहीण अकरा वर्षांची होती. तिला नाच शिकायचा होता. शिकण्याची सोय लांब नव्हती. सुरसागरासमोरच्या संगीत महाविद्यालयात नृत्य शिकवले जात होते. त्याच नानांनी सांगितले, "आपल्या घरातल्या मुली नाचत नाहीत." विषय संपला. ताईने पेटी शिकावी असे ठरले. ती पेटी चांगली वाजवते.

मी आजोबांना आज दोष देत बसत नाही. पण हे दोन्ही एकाच माणसाने केले, हे लिहून ठेवले पाहिजे. आपल्या बहुतेक घरांत तेव्हा असेच होते. जो नाच आपल्याला आवडायचा, तो नाचणारीला आपण घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवले होते. 1934 मध्ये मुंबई इलाख्यात आणि 1947 मध्ये मद्रास इलाख्यात देवदासींबाबत कायदे झाले. त्याच्या आसपासच दक्षिणेत सदिरचे भरतनाट्यम झाले, ब्राह्मणांच्या मुली मंचावर आल्या आणि नाचाला प्रतिष्ठा आली. ज्यांच्याकडून ती विद्या आली त्या बायका हळूहळू मागे पडल्या. प्रतिष्ठा अशीच येते बहुधा, कुणाच्या तरी खर्चाने.

1939 ला सयाजीराव गेले आणि दरबाराचा नूर बदलला. तंजावरची मंडळीही पांगली. पण त्यांच्यातले कुबेरनाथ पुढे बडोद्यात परतले, विद्यापीठ झाल्यावर संगीत महाविद्यालयाच्या नृत्य विभागात शिकवू लागले, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांनीही ते काम चालवले. या विभागाचे पहिले प्रमुख मोहन खोकर होते. बडोद्याच्या तंजावरी नर्तकींबद्दल जे काही आज माहीत आहे, त्यातले बरेचसे त्यांच्या लिखाणामुळे. कुबेरनाथांचे आडनाव पाहा: तंजोरकर. मूळचे तमिळ घराणे, आणि आपण सवयीप्रमाणे गावाला 'कर' लावून त्यांना आपल्यात घेतले. तिकडे तंजावरात राहिलेल्या मराठी माणसांनी नावापुढे 'राव' लावून तमिळ शेजाऱ्यांत घर केले. तीन-चार पिढ्यांनी कुणाचे मूळ कुठले हे आडनावावरून ओळखायला गेलात तर हमखास चुकाल.

आता नातवाच्या प्रश्नाकडे. मराठी माणसाने असे कुणी केले आहे का?

केले आहे. मुंबईत आचार्य पार्वतीकुमार नावाचे नृत्यगुरू होते. भरतनाट्यम शिकून, शिकवून त्यांचे नाव झाले होते, तेव्हा त्यांच्यासमोर सरफोजींची ही मराठी निरूपणे आली. मराठी माणूस नाचायला तमिळ-तेलुगू पदे पाठ करतो, आणि त्याच नाचासाठी त्याच्याच भाषेत दीडशे वर्षांपूर्वी लिहिलेले साहित्य ग्रंथालयात पडून आहे! त्यांनी वर्षानुवर्षे त्यावर काम केले, त्याचा अभ्यास 'तंजावर नृत्य प्रबंध' या ग्रंथात मांडला आणि रचना प्रत्यक्ष बसवल्या. अडचण काय होती ते नीट समजून घेतले पाहिजे. पोथीत शब्द होते, राग-ताल होते, नाचाचे बोल होते. पाय नव्हते. कुठल्या बोलाला कुठले पाऊल, कुठल्या शब्दाला कुठला हात, हे लिहून ठेवायची गरज तेव्हा कुणाला वाटली नाही, कारण ते नाचणारीच्या अंगात होते. ती गेली की ते गेले. म्हणून पार्वतीकुमारांनी जे उभे केले, त्याचे शब्द जुने आणि नाच आजचा. त्याला पुनरुज्जीवन म्हणण्यापेक्षा नवी रचना म्हणणे मला जास्त प्रामाणिक वाटते, आणि त्यात काही कमीपणा नाही.

ही निरूपणे ज्यांनी नाचली त्या त्यांच्या शिष्या सुचेता भिडे, पुढे पुण्याच्या सुचेता चापेकर. त्यांनी हा धागा आणखी लांब नेला. तंजावरच्या मराठी राजांच्या रचनांवर त्यांनी संशोधन केले, त्या मंचावर आणल्या. आणि मग 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला आणखी एक पाऊल टाकले. मराठी कान हिंदुस्थानी संगीतावर वाढलेला. भरतनाट्यमचे अंग तसेच ठेवून तो हिंदुस्थानी रागसंगीतावर नाचला तर? या प्रयोगाला त्यांनी 'नृत्यगंगा' नाव दिले. कर्नाटक संगीताशिवाय भरतनाट्यम कसले, असे म्हणणारे म्हणणारच. मला नाचातले शास्त्र कळत नाही, पण एवढे कळते की बडोद्याच्या दरबारात तंजावरच्या मुली पतंगाचा नाच करत तेव्हाही असेच काहीतरी चालले होते. बाहेरून आलेले अंग, इकडचा कान.

सुचेताताईंचे दुसरे गुरू के. पी. किट्टप्पा पिळ्ळै. हे नाव वाचले तेव्हा मी खुर्चीत सरळ झालो. किट्टप्पा हे तंजावरचे, त्या चार भावांच्या कुळातले. पोन्नय्या पिळ्ळै यांचे चिरंजीव. आणि पोन्नय्यांचे वडील म्हणजे बडोद्याच्या दरबारात नोकरी केलेले ते नट्टुवनार कण्णुस्वामी. म्हणजे आजोबांनी बडोद्यात मराठी राजाची चाकरी केली आणि नातवाने पुण्याच्या मराठी मुलीला शिकवले. मोहित्यांच्या मुलीच्या लग्नात निघालेली वरात नव्वद-शंभर वर्षे फिरत फिरत मुळा-मुठेच्या काठी पोचली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही.

तरीही अक्रम खानच्या 'देश'मध्ये जे आहे ते यात नाही, हे नातवाने बरोबर हेरले. "त्याने बापाचा चेहरा डोक्यावर काढला," तो म्हणाला, "यांच्याकडे राजाचे पुस्तक आहे. नाचणाऱ्या बायका कुठे आहेत?" मी उत्तर दिले नाही, कारण उत्तर नव्हते. सरफोजी राजे आपले पूर्वज, हे आपण हौसेने सांगतो. गौरा आणि कांतिमती आपल्या कोण, हे सांगायला आपली जीभ रेटत नाही. त्या मराठी बोलत असतील का? साठ वर्षांच्या त्या काळात या शहरात राहिलेल्या तंजावरच्या माणसांनी कुठल्या भाषेत भाजी घेतली असेल, कुठल्या भाषेत लेकरांना झोपवले असेल? त्यांच्या नाचाचा शोध घ्यायचा झाला तर पोथी उपयोगाची नाही. तो तंजोरकरांच्या घरी शिकलेल्या, आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या या शहरातल्या बायकांच्या अंगात असेल तर असेल. आपल्या मंडळाच्या वाचकांत त्यांच्यापैकी कुणी असेल, तर त्यांनी कार्यालयात जरूर भेटावे. ध्वनिमुद्रण करून घेण्याची तयारी तरुण मंडळींनी दाखवली आहे.

चार वर्षांपूर्वी पुण्याला एका नातेवाइकांकडच्या कार्याला गेलो असताना ताईला घेऊन एका नृत्याच्या कार्यक्रमाला गेलो होतो. त्यात तंजावरची एक मराठी रचना होती. शब्द कळत होते, याचेच आम्हाला अप्रूप. शेजारच्या बाई तर ओठांनी ताल धरून बसल्या होत्या. ताई पूर्ण वेळ गप्प होती. परतीच्या रिक्षात तिने पर्स माझ्या मांडीवर ठेवली, म्हणाली, "नानांचे ते पतंगाचे मला अजून येते." आणि डाव्या हातात फिरकी धरून, उजव्या हाताने ढील देत, रिक्षाच्या टपाखाली जेवढी मान वर करता येईल तेवढी करून तिने तो पतंग सगळाच्या सगळा उडवून दाखवला.